छोट्या पडद्यावरचे नाट्य आणि हास्य : एका खान्देशी रसिकतेची वाटचाल

धरणगाव हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक, कापसाचा व्यापार आणि बालकवींचे जन्मस्थान, एवढी त्याची ओळख मराठी वाचकाला असते. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी येथे झाला. अशा गावातल्या माणसाला नाटक कसे भेटते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. तमाशाचा फड, गणेशोत्सवातले हौशी नाटक आणि कधी सवड काढून जळगावला जाऊन पाहिलेला एखादा व्यावसायिक प्रयोग, एवढेच मार्ग येथे दीर्घकाळ उपलब्ध होते. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला शनिवार-रविवारी नाट्यगृहात जे मिळत असे, ते गावोगावच्या रसिकाला दूरचित्रवाणीने घरबसल्या दिले. त्यामुळे 'टीव्हीवरच्या मालिका' हे शब्द नाक मुरडून उच्चारण्याची शहरी सवय येथे लागू पडत नाही. खान्देशातील दोन पिढ्यांनी अभिनय म्हणजे काय, संवाद कसा बोलावा, विनोद कुठे थांबावा, याचे पहिले धडे या पडद्यावरच घेतले.

या रसिकतेला एक वैशिष्ट्य आहे. तिने दिल्लीचे घर आपले मानले, मुंबईची चाळ आपली मानली, पुण्याचा वाडाही आपला मानला. तिचे स्वतःचे घर मात्र पडद्यावर फारसे आलेच नाही. या प्रेमाची आणि या उणिवेची एकत्र नोंद घेणे आवश्यक आहे.

<b>उशिरा पोहोचलेली लहर</b>

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील वर्षी पुण्यातही त्याचे कार्यक्रम दिसू लागले. 'गजरा'सारखे कार्यक्रम आणि चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली चिमणराव-गुंड्याभाऊची मालिका यांनी १९७० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या घरांत जे कौतुक मिळवले, त्यात खान्देशाचा वाटा नव्हता. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे ग्रामीण भागात दूरचित्रवाणी नेण्याचा 'साइट' हा प्रयोग देशातील ६ राज्यांत झाला. शेजारचे मध्य प्रदेश त्यात होते, महाराष्ट्र नव्हते.

परिस्थिती पालटली ती १९८० च्या दशकात. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. ३० ऑगस्ट १९८३ रोजी 'इन्सॅट-१बी' हा उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये तर काही महिने जवळपास दिवसाला एक या गतीने देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. साधारण १०० वॅट शक्तीच्या या केंद्रांचा टप्पा मर्यादित असे. केंद्रापासून दूर असलेल्या गावांत मग उंच लोखंडी नळीवर अँटेना चढवणे, बूस्टर बसवणे आणि एकाने गच्चीवर नळी फिरवत राहणे, तर दुसऱ्याने खालून 'आलं, आलं' असे ओरडणे, हा घराघरातला सोहळाच होता.

येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी लागते. ही छोटी केंद्रे मुख्यतः उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम पुनःप्रक्षेपित करीत. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम राज्याच्या सर्व भागांत पोहोचण्यास आणखी काळ जावा लागला आणि मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी तर १५ ऑगस्ट १९९४ रोजी आली. तीच ५ एप्रिल २००० पासून 'सह्याद्री' या नावाने ओळखली जाऊ लागली. परिणामी जिल्ह्याजिल्ह्यांतील अनेक प्रेक्षकांना मालिका नावाचा प्रकार प्रथम हिंदीतून भेटला. मध्य प्रदेश आणि गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या, व्यापारासाठी हिंदी-गुजरातीशी रोज संबंध येणाऱ्या खान्देशाला त्यात अडचण वाटली नाही.

<b>'हम लोग'चे अंगण</b>

'हम लोग' ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी मेक्सिकोमध्ये समाजशिक्षणासाठी रचलेल्या मालिका पाहिल्या होत्या. कुटुंबनियोजनाचा संदेश गोष्टीतून द्यावा, ही मूळ कल्पना तेथून आली. संदेशाची मालिका म्हटली की प्रेक्षक कंटाळणारच. लेखक मनोहर श्याम जोशी यांचे कसब असे की, त्यांनी उपदेशाला बाजूला सारून माणसे पुढे आणली. दारूच्या आहारी गेलेला बसेसरराम, मुकाट सोसणारी भागवंती, नोकरी शोधणारा लल्लू, तसेच बडकी, मझली, छुटकी ही नावे देशभर घरातल्या माणसांसारखी झाली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द बोलत. या मालिकेच्या प्रेक्षकांनी सुमारे ४ लाख पत्रे पाठवल्याची नोंद संशोधकांनी केली आहे.

पगार पुरत नाही, मुलीचे लग्न जमत नाही, मुलाला नोकरी नाही आणि घरात एकांताला जागा नाही, हे दिल्लीच्या घराचे वर्णन धरणगावच्या घरालाही जसेच्या तसे लागू होते. मालिकेला प्रेक्षक मिळतो तो भव्य देखाव्यामुळे नव्हे. पडद्यावरच्या स्वयंपाकघरात आपला स्टोव्ह दिसतो म्हणून मिळतो, हा पहिला धडा 'हम लोग'ने दिला.

त्याच वर्षी आलेल्या 'ये जो है जिंदगी'ने दुसरा धडा दिला, तो विनोदाचा. शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांचे जोडपे, राकेश बेदींचा मेहुणा आणि दर भागात निराळे सोंग घेऊन येणारे सतीश शहा. शरद जोशी यांचे लेखन आणि कुंदन शहा यांच्यासारख्यांचे दिग्दर्शन लाभलेल्या या मालिकेत हास्य निर्माण होई ते प्रसंगातून. तमाशातला सोंगाड्या पाहिलेल्या प्रेक्षकाला सतीश शहांचे दर आठवड्याचे सोंग परके वाटण्याचे कारण नव्हते. सोंगाड्याही असाच क्षणात सावकार होतो आणि क्षणात पाटील.

पुढील चार वर्षांत या पडद्याने जे दिले, ते आजही कोणत्याही देशाच्या दूरचित्रवाणीला अभिमानास्पद ठरावे. 'नुक्कड' (१९८६) मध्ये कोपऱ्यावरची माणसे नायक झाली. शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवरून 'मालगुडी डेज' केली. गोविंद निहलानींची 'तमस' आणि श्याम बेनेगलांची ५३ भागांची 'भारत एक खोज' १९८८ मध्ये आली. त्याच वर्षी आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील 'वागले की दुनिया'मध्ये अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनी साध्या कारकुनाचा संसार उभा केला. एका लहान स्थानकाच्या गावात राहणाऱ्याला मालगुडीचे स्थानक वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते.

खान्देशाला विशेष आपुलकी वाटावी असे एक नाव या इतिहासात आहे. स्मिता पाटील या शिरपूरच्या राजकारणातील ज्येष्ठ नेते शिवाजीराव गिरधर पाटील यांच्या कन्या. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी ही तरुणी पुढे चित्रपटाची श्रेष्ठ अभिनेत्री झाली. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी केलेल्या 'सद्गती' (१९८१) या लघुपटात ओम पुरी आणि मोहन आगाशे यांच्यासमवेत त्यांनी काम केले. एका दलित मजुराच्या मृत्यूची ही गोष्ट तासाभरात संपते, परंतु पाहणाऱ्याच्या मनातून जात नाही. छोट्या पडद्यावर किती मोठे नाट्य मावू शकते, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

<b>पुस्तकातून पडद्यावर</b>

मराठी मालिकांचे वैभव प्रथम दिसले ते साहित्याच्या आधाराने. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव हा भित्रा, तर्कटी, तरीही प्रेमळ मध्यमवर्गीय गृहस्थ आणि त्याचा धिप्पाड मावसभाऊ गुंड्याभाऊ. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी या जोडीला चेहरा दिला, तो इतका पक्का की पुस्तक वाचताना आता तेच डोळ्यांपुढे येतात. चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची त्या काळी पद्धत होती. त्यामुळे दूरदर्शनच्या आरंभीच्या अनेक कार्यक्रमांचे आज केवळ स्मरणच उरले आहे. ज्या भागात ते मुळात पोहोचलेच नाहीत, तेथे तेवढेही नाही.

रणजित देसाई यांच्या 'स्वामी'चे मालिकारूप गजानन जागीरदारांनी १९८० च्या दशकात सिद्ध केले. माधवरावांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी आणि रमाबाईंच्या भूमिकेत मृणाल देव (आताच्या मृणाल कुलकर्णी) यांनी ऐतिहासिक पात्रांना पोशाखापलीकडचे मन दिले. ना. धों. ताम्हणकरांचा 'गोट्या' राजदत्त यांच्या दिग्दर्शनाखाली घराघरात पोहोचला आणि कित्येक मुलांनी मूळ पुस्तक त्यानंतर वाचले. मालिकांमुळे वाचन मागे पडले, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा काळ आठवून पाहावा.

<b>टिपरे कुटुंबाचा मुक्काम</b>

१५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' आणि ९ जुलै २००० रोजी 'ई टीव्ही मराठी' सुरू झाली. केबलच्या जोडणीबरोबर मराठी मालिका एकाच वेळी मुंबईत आणि धरणगावात दिसू लागली. प्रादेशिक अंतर प्रथमच मिटले. 'आभाळमाया'मध्ये सुकन्या कुलकर्णी यांनी रंगवलेली प्राध्यापिका सुधा जोशी ही महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींपुढे एक निराळे चित्र ठेवून गेली. संसार मोडण्याच्या कड्यावर असतानाही ती रडत बसत नाही. विचार करते, वाद घालते, नोकरी करते. तत्पूर्वी दूरदर्शनच्या 'दामिनी'ने प्रतीक्षा लोणकर यांच्या रूपाने लढाऊ पत्रकार स्त्री दाखवली होतीच.

तथापि या साऱ्या काळातील निखळ आनंदाचे शिखर कोणते, असे विचारल्यास 'श्रीयुत गंगाधर टिपरे' (२००१-०५) हे उत्तर अनेक रसिक देतील. दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी' या रोजनिशीच्या स्वरूपातील सदरावरून केदार शिंदे यांनी ती मालिका केली. आबा टिपरे स्वतः प्रभावळकर. मुलगा शेखर म्हणजे राजन भिसे, सून श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, नातवंडे शिऱ्या आणि शलाका म्हणजे विकास कदम आणि रेश्मा नाईक. पाच माणसांचे घर, एवढाच प्रपंच. कट नाही, खलनायिका नाही, हरवलेला जुळा भाऊ नाही. आजोबांना एखादे नवे खूळ लागते, नातवाचे काही बिनसते, सुनेला कौतुकाचे दोन शब्द हवे असतात आणि त्यातून अर्ध्या तासाची गोष्ट तयार होते.

या मालिकेचे मर्म असे की, तिच्यात कोणीही कोणाला हसत नाही. सर्वजण एकमेकांसह हसतात. म्हातारा म्हणजे विसराळू, सून म्हणजे खाष्ट, तरुण म्हणजे वाया गेलेला, असे ठोकळे तिने वापरले नाहीत. प्रभावळकर मध्यमवयातच असताना त्यांनी वृद्धाचे चालणे, बोलण्यातला दम, चष्मा सरकवण्याची लकब इतकी सूक्ष्मपणे साधली की, आबा हे पात्र आहे याचा विसर पडे. तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्या खान्देशी घरात ही मालिका तीन पिढ्या एकत्र बसूनच पाहत. आजोबा शिऱ्यावर हसत आणि नातू आबांवर. मालिका संपली की दोघांनाही एकमेकांची बाजू थोडी अधिक कळलेली असे.

<b>लांबण आणि भारनियमन</b>

कौतुक करताना उणिवांकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. आठवड्यातून एकदा येणारी मालिका रोज येऊ लागली आणि लेखनाचा कस उतरला. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्या 'चार दिवस सासूचे'ने २००१ पासून ३००० हून अधिक भागांचा पल्ला गाठला. चिकाटी म्हणून तो विक्रम मोठाच. पण एवढ्या लांबीत गोष्टीचा धागा ताणला जाणे अपरिहार्य असते. रोजच्या मालिकेचे प्रसंग आदल्या काही दिवसांत लिहिले जातात, चित्रीकरण घाईने होते आणि प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे पाहून कथेची दिशा बदलते. पात्राचा स्वभाव असा अचानक पालटला की जुना प्रेक्षक दुखावतो. याउलट सतीश राजवाडे यांची 'अग्निहोत्र' ही २००८ मध्ये 'स्टार प्रवाह'वर सुरू झालेली मालिका नाशिकच्या वाड्याचे आणि दुरावलेल्या कुटुंबाचे रहस्य उलगडून ठरल्या जागी थांबली. म्हणूनच ती आजही आदराने आठवली जाते.

त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात आणखी एक खलनायक होता, तो म्हणजे भारनियमन. ऐन संध्याकाळी वीज जाई आणि आदल्या दिवशी अर्धवट सुटलेला पेच तसाच राही. शहरातील प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशीचे पुनःप्रक्षेपण अनावश्यक वाटत असेल. तालुक्याच्या गावात तेच खरे प्रक्षेपण होते. ज्याच्या घरी इन्व्हर्टर, त्याच्या घरी आळी जमे. इतक्या अडचणींतूनही जो पाहत राहिला, त्याच्या आवडीला केवळ 'वेळ घालवणे' म्हणता येत नाही.

<b>आपल्या बोलीचे घर</b>

मराठी मालिकांनी पुढे एक स्वागतार्ह वळण घेतले. प्रमाण भाषेच्या दिवाणखान्यातून त्या गावात गेल्या. २०१६ मध्ये आलेल्या 'रात्रीस खेळ चाले'ने मालवणी घराघरात नेली. 'गाव गाता गजाली'ने तिच्यातला मिश्कीलपणा दाखवला. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये अनिता दाते यांच्या राधिकेने वैदर्भी ठसक्याला नायिकेचा मान दिला, 'तुझ्यात जीव रंगला'ने कोल्हापूरच्या मातीला आणि 'लागिरं झालं जी'ने साताऱ्याच्या बोलीला. बोली म्हणजे नोकराची किंवा चोराची भाषा, हा जुना संकेत या मालिकांनी मोडला. हे त्यांचे मोठे श्रेय आहे.

खान्देशाच्या वाट्याला मात्र असे ठळक स्थान आलेले नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या १८ लाख ६० हजारांच्या घरात आहे आणि त्यात अहिराणी सांगणारे १६ लाखांहून अधिक आहेत. 'मी जाई राहिनू', 'तू कथा जास' असे बोलणारा हा समाज लहान नाही. जळगाव जिल्ह्यातच अहिराणीखेरीज तावडी आणि लेवा गणबोली नांदतात. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात खान्देशीचा विचार मराठीपासून वेगळा, भिल्ली बोलींसमवेत केला होता. तिच्यावरील गुजराती-राजस्थानी छाया ऐकणाऱ्याला सहज जाणवते. कदाचित यामुळेच निर्मात्यांना ती उर्वरित महाराष्ट्राला कळणार नाही, अशी भीती वाटत असावी. पण मालवणीही प्रथम कळत नव्हती. पात्रे आवडली आणि मग भाषा आपोआप कळली.

खान्देशी मातीत विनोद नाही, असे कोणी म्हणू नये. धुळ्याच्या शेजारच्या मालेगावने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' हे विडंबन केले. यंत्रमागावर राबणारी माणसे त्यात नट झाली. सायकली, उधारीचे कपडे आणि हातात मावणारा कॅमेरा एवढ्या सामग्रीवर एक हौशी चित्रसृष्टी उभी राहिली. तेथील भाषा अहिराणी नव्हे, तर स्थानिक वळणाची हिंदी-उर्दू. परंतु टोमण्याची रीत आणि फजितीचा आनंद या प्रदेशाचाच. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने त्यांची कहाणी जगभर नेली आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट प्रदर्शित झाला. सीडीवर पाहिली जाणारी ही विडंबने त्याच घरगुती पडद्यावर, मालिकांच्या जोडीने पाहिली गेली. पुढे यूट्यूब आले आणि अहिराणी गाणी व छोटी प्रहसने भ्रमणध्वनीवरून कोट्यवधी वेळा पाहिली गेली. प्रेक्षक नाही, ही सबब त्यामुळे उरलेली नाही.

तरीही प्रहसन आणि मालिका यांत अंतर आहे. पाच मिनिटांत हसवता येते. पण पात्रावर जीव जडण्यास शंभर संध्याकाळी लागतात. चिमणरावावर, भागवंतीवर, आबा टिपरेंवर जीव जडला तो त्यांच्यासमवेत राहिल्यामुळे. खान्देशी माणूस अजून यूट्यूबवर हसवतो आहे. त्याचा संसार, त्याचे केळीचे आणि कापसाचे भाव, कानबाईच्या सणाला मुंबई-सुरतेहून घरी परतणारी भाऊबंदकी, भरीत-भाकरीच्या पंगतीतली रुसवेफुगवी, हे सारे लिहिणाऱ्याची वाट पाहते आहे.

जुन्या मालिकांचे स्मरण केवळ हळवेपणाने केले तर त्याचा फारसा उपयोग नाही. त्या काय शिकवून गेल्या, हे पाहिले तर तो उपयोग मोठा आहे. घर खरे असावे, माणसे आपल्या तोंडची भाषा बोलणारी असावीत, विनोद दुबळ्यावर नसावा आणि गोष्ट संपली की थांबावे, या चार गोष्टी ज्यांनी पाळल्या त्या मालिका वीस-तीस वर्षांनंतरही पाहिल्या जातात. धरणगावच्या रसिकाने इतरांच्या घरात या गोष्टी ओळखल्या आणि मनापासून दाद दिली. उद्या त्याच्या बोलीतले घर पडद्यावर उभे राहिले, तर त्याची पारखही तो तितक्याच जाणतेपणाने करील. कारण चांगले काय, हे त्याला चाळीस वर्षे पाहून ठाऊक झाले आहे.